पोटाची चौकशी

वामन सर कोणाला "कसे आहात?" असं विचारत नसत. ते विचारत, "पोट कसं शे?" प्राचार्य असोत, शिपाई असो, बँकेतली कॅशियर असो की मांडवात बसलेला नवरदेव, सगळ्यांना हाच प्रश्न, आणि तोही अहिराणीत. वर्गात ते व्यवस्थित पुस्तकी मराठी बोलायचे, पण पोटाची चौकशी मात्र आईच्या बोलीत. ऐकणारा आधी दचकायचा, मग हसायचा, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा खरं उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

माझ्या वडिलांचंही तेच झालं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायला मी त्यांच्याबरोबर जामनेरहून धुळ्याला आले होते. विभागाच्या व्हरांड्यात एक उंच, काटकुळा माणूस हातात परीक्षानळ्यांचा स्टँड घेऊन उभा होता. वडिलांनी नमस्कार केला. त्याने स्टँड खिडकीत ठेवला, वडिलांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पोट कसं शे?" वडिलांना कैक वर्षं गॅसेसचा त्रास. आईलासुद्धा कधी सांगितलं नसेल इतक्या तपशिलात त्यांनी तो तिथे उभ्या उभ्या सांगितला. सर मान डोलावत ऐकत होते. सकाळी काय खाता, भाकरी की पोळी, दर वेळी सर्दी झाली की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणता का, असं विचारत होते. माझ्या प्रवेशाचं दोघंही विसरले. शेवटी मीच म्हटलं, "सर, अ‍ॅडमिशनचं..." तर म्हणाले, "तू जामनेरची ना? तुमच्याकडं भरीत चांगलं करतात. बस." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'जामनेर' झाले. पुढे त्याच विभागात नोकरीला लागले, माझ्या नावामागे डॉक्टर लागलं, तरी हाक तीच. "काय गं जामनेर, चहा पाजतेस का?"

सरांचा जीव दोन गोष्टींत होता. एक सुलोचनाकाकू, त्यांची बायको. आणि दुसरे माणसाच्या आतड्यात राहणारे जंतू. जंतू म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. वर्गात ते खडू खाली ठेवून, दोन्ही हात पोटावर ठेवून सांगायचे, "इथं एक अख्खं गाव वसलेलं आहे. आपण जेवतो त्यातलं आपल्याला पचतं ते आपलं, आणि न पचता खाली जातं ते या गावाचं. भाकरीतला कोंडा, डाळीची सालं, कच्च्या केळ्यातलं न पचणारं पीठ, हा त्यांचा शिधा. तो खाऊन ते एक आम्ल तयार करतात, ब्युटिरेट नावाचं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्याच्यावर पोसल्या जातात. आता तुम्ही या गावाला उपाशी ठेवलं, नुसता मैदा आणि साखर खाल्ली, तर त्यातले काही जण अस्तरावरचा चिकट थरच खायला लागतात. भिंत उघडी पडते. दाह सुरू होतो. आणि वर्षानुवर्षं दाह धुमसत राहिला की एखादी पेशी बिघडायला वेळ लागत नाही."

मग थोडं थांबून म्हणायचे, "आणि रोगप्रतिकारशक्ती म्हणून जिच्या नावानं बाजारात पावडरी विकतात ना, तिचा मोठा डेरा इथंच आहे, या भिंतीलगत. आपलं कोण, परकं कोण, कोणावर धावून जायचं, कोणाला सोडून द्यायचं, हे त्या पेशींना लहानपणापासून शिकवायचं काम हे जंतूच करतात. त्यांना नीट सांभाळा, बाबांनो."

उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत आंबूस वास भरून राहायचा. खानदेशात त्या दिवसांत घरोघरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करतात. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, लसूण-तिखट घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर थापून गच्चीवर वाळवायचा. सर गल्लीतल्या प्रत्येक घरी परीक्षानळी घेऊन हजर. ज्वारी भिजल्यापासून ती आंबट होईपर्यंत रोज थोडं थोडं पाणी मागायचे आणि त्यातले जंतू कसे बदलत जातात ते आम्हाला सूक्ष्मदर्शकातून दाखवायचे. एकदा त्यांनी गल्लीतल्या बायकांनाच प्रयोगशाळेत आणलं. एकीने बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "इतकं बठ्ठं, सगळंच हलतंय, आणि आम्ही हे खातो?" सर आनंदाने म्हणाले, "शिजवल्यावर हलत नाहीत. पण तोवर त्यांनी त्यांचं काम करून ठेवलेलं असतं."

या सगळ्याच्या मुळाशी नाना होते, हे मला फार उशिरा कळलं. नाना म्हणजे सरांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच सरांना शिकवलं. नाना मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवायचे. ऐन चाळिशीत त्यांच्या आतड्यात कर्करोग निघाला आणि हातात काही करण्यासारखं उरलं नव्हतं. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. "नानाचं आयुष्य ढाब्यावर गेलं," ते मला म्हणाले होते. "तेलात बुडालेलं खाणं, वर दारू, भाकरी तर महिन्यातून एखाद्या वेळी. मी तेव्हाच ठरवलं, हे शोधायचं." भाऊ का गेला, या प्रश्नाला त्यांना असं एक उत्तर सापडलं होतं. त्या उत्तराला धरून ते उरलेलं आयुष्य शिकवत राहिले.

आणि जे शिकवलं तसंच जगले. सकाळी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, दुपारच्या डब्यात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली, सोबत पालेभाजी आणि कच्चा कांदा. दारूला कधी शिवले नाहीत. शेवभाजी मात्र प्रिय. ती महिन्यातून एकदा, तीही काकूंची परवानगी काढून.

म्हणूनच त्यांना रक्त पडायला लागलं तेव्हा ते मूळव्याध म्हणून सोडून दिलं. चेहरा उतरला होता, जिना चढताना थांबायला लागले होते. मी म्हटलं, "सर, दाखवून या ना." ते म्हणाले, "अगं, माझ्या पोटाला काय होतंय?" हे बढाईने नाही, अगदी भाबडेपणाने म्हणाले. काकूंनी अखेर भांडून डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली. आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात गाठ होती, बरीच जुनी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता?"

सरांनी नानांचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही कितीतरी वर्षांपूर्वी तपासायला यायला हवं होतं. सख्खा भाऊ इतक्या तरुण वयात जातो, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तपासणी करायची असते."

दोघं रिक्षाने घरी आले. दारात चपला काढताना सर म्हणाले ते काकूंनी मला नंतर सांगितलं, "म्हणजे नानाला नुसत्या ढाब्यावरच्या जेवणानं नव्हतं झालं."

नाशिकला ऑपरेशन झालं. शौचाची वाट कायमची बदलून पोटाच्या डाव्या बाजूला काढली आणि तिथे पिशवी लागली. ते धुळ्याला परतले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. प्लास्टिकची पिशवी घामाने अंगाला चिकटायची, कातडी सोलवटायची. शेजारी रशीदभाई टेलर राहायचे. सरांची आणि त्यांची रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक. रशीदभाई एक दिवस टेप गळ्यात घालूनच आले आणि म्हणाले, "वामनभाऊ, माप द्या. सुती खोळ शिवून देतो पिशवीला. जुन्या धोतराचं कापड मऊ पडेल." सरांनी शर्ट वर केला, रशीदभाईंनी तोंड न फिरवता, हात न आखडता शांतपणे माप घेतलं. सर म्हणाले, "रशीदभाई, आतड्याला कपडे शिवणारे तुम्ही पहिलेच." रशीदभाई म्हणाले, "ईदला नक्षीवाली शिवतो, थांबा." दोघंही हसले. घरी जाताना मात्र रशीदभाई सरांच्या फाटकापाशी बराच वेळ चष्मा पुसत उभे होते.

सगळ्यात कठीण होतं ते जेवण. ऑपरेशननंतर काही दिवस चोथा असलेलं काही खायचं नाही, असं सांगितलं होतं. मऊ भात, वरणाचं गाळलेलं पाणी, उकडलेला बटाटा. भाकरी बंद. पुढे किमोथेरपी सुरू झाली, पांढऱ्या पेशी कमी झाल्या, तेव्हा कच्चं काही नको, घरच्या विरजणाचं ताक नको, आंबवलेलं नको, लोकांत मिसळू नका. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "जामनेर, जन्मभर ज्यांची वकिली केली, आता त्यांच्यापासूनच लपून बसायचं." आवाज थट्टेचा होता. डोळे नव्हते.

काकूंनी त्या दिवसांत घरात भाकरी थापायचंच बंद केलं. ते खाऊ शकत नाहीत, तर मी कशी खाऊ, असं त्यांचं म्हणणं. सरांना कळलं तेव्हा ते चिडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. "माझ्या पोटातलं गाव उजाड झालं म्हणून तुझंही उपाशी ठेवणार? थाप. आत्ता थाप. जामनेरलाही वाढ." काकूंनी डोळे पुसत कळण्याच्या भाकरी थापल्या. सर पलंगावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. तव्यावरून भाकरी निखाऱ्यावर गेली, फुगली. त्यांनी गरम भाकरी दोन्ही हातांत घेतली, नाकापाशी नेली, डोळे मिटले, आणि मग माझ्या ताटात ठेवली. "खा," म्हणाले. "मी बघतो." मी मान खाली घालून खाल्ली. वर बघवत नव्हतं. आजही कळण्याची भाकरी खाताना कोणीतरी दारात खुर्ची टाकून बसलंय असं वाटतं, आणि बसलेलं असावं असंही वाटतं.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये लोक बोलायचे ते बोलतच होते. "एवढं लोकांना सांगत फिरायचे, आणि यांनाच झाला." सरांच्या कानावर ते गेलंच. किमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधे थोडं बरं वाटत होतं, तेव्हा त्यांनी वर्ग मागून घेतला. तोंडाला मास्क, सैल सदरा. पायऱ्या चढून आल्यावर बसूनच बोलले.

"मी तुम्हाला आजवर अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "जे सांगितलं ते खोटं नाही. चांगलं खाल्लं, पोटातले जंतू सांभाळले, तर या रोगाची जोखीम कमी होते. पण कमी होते, संपत नाही. घराण्यात असला तर भाकरी खायची आणि तपासणीलाही जायचं. मी भाकरीच्या भरवशावर राहिलो. तपासणीला गेलो नाही."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग एवढं खाण्यापिण्याचं बघून उपयोग काय?"

सर म्हणाले, "हे बघ, औषध झेपेल का, जखम भरेल का, पेशी पुन्हा लढायला उभ्या राहतील का, या सगळ्यात त्या जंतूंचा वाटा असावा, असं संशोधक म्हणतायत. अजून पुरतं कळलेलं नाही. ते तुम्ही शोधा. पण आजारी माणसाला 'तू काय खाल्लंस म्हणून झालं' असं कधी विचारू नका. नानाच्या बाबतीत मी मनातल्या मनात तेच विचारत आलो. त्याच्या खाण्याला दोष देत आलो." एवढं बोलून त्यांनी मास्क वर ओढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला, गोकुळचा. गोकुळ म्हणजे नानांचा एकुलता मुलगा. चाळीसगावजवळच्या गावी त्याचं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान. सरांनी त्याला फोनवर कितीदा सांगितलं, तपासणी करून घे. तो टाळत होता. शेवटी सर म्हणाले, मी जातो. काकू एकटं सोडेनात, म्हणून मी बरोबर गेले. एसटीने चाळीसगाव, तिथून रिक्षाने गाव. वाटेत खड्डा आला की सर पोटावर हात ठेवायचे.

गोकुळ दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. काकांना बघून धडपडत उठला, खुर्ची पुसली. मुद्द्याचं बोलणं निघताच त्याचा चेहरा बंद झाला.

"काका, माले काहीच व्हत नही. आनि त्या ठिकाणहून दुर्बीण... गावमां लोके काय म्हनतीन?"

"लोकांचं मी बघतो," सर म्हणाले.

"मी रोज भाकर खास. दारू नही, तंबाखू नही. तुम्हीच सांगेल शे ना, भाकर खानारले काही व्हत नही."

सरांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. त्यांचंच वाक्य समोर आलं होतं, आणि नानांचा मुलगा ते ढालीसारखं पुढे धरून बसला होता. मग सर हळूच उठले, सदरा वर केला, रशीदभाईंनी शिवलेली सुती खोळ बाजूला केली.

"हाई दख," ते म्हणाले. "मी बी रोज भाकरच खात व्हतू."

गोकुळने मान फिरवली.

"तिकडे नको. इकडे दख. तुना बाप मना सगा भाऊ व्हता. रगत एकच शे. त्यानं माले शिकाडं. त्याना पोरले हाई नको व्हवाले." सर एक पाऊल पुढे सरकले. "मनासाठे ये, गोकुळ."

दुकानाच्या मागेच घर. दारात गोकुळची बायको कधीची उभी होती. पदर तोंडाशी धरून तिने नवऱ्याला तपासणीला न्यायचं स्वतःवर घेतलं, "मी लई जासू यासले." गोकुळ खाली बसला आणि काकांच्या पायाशी तोंड झाकून रडायला लागला. सरांनी त्याच्या केसांत हात घातला. सदरा तसाच वर राहिला होता. मी पुढे होऊन तो खाली केला.

धुळ्यात तपासणी झाली. गोकुळच्या आतड्यात मांसाचे छोटे कोंब, म्हणजे पॉलिप, सापडले, त्यातला एक वाईट वळणावर गेलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षं थांबला असता तर काकांसारखंच झालं असतं. दुर्बिणीतूनच ते काढून टाकले. चीरफाड नाही, पिशवी नाही. संध्याकाळी तो चालत घरी आला. सरांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि त्याच्या पोटावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

सरांचा रोग तोवर यकृतात पोहोचला होता. त्यांना ते माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, पण त्या काळात मी त्यांना जितकं समाधानी पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर ऊन खात बसायचे. रशीदभाई सुईत दोरा ओवत शेजारी. बाजारात भरिताची वांगी यायला लागली होती, तेव्हा एका सकाळी सर गेले. काकू म्हणाल्या, शेवटचं बोलणं नानांशीच चाललं होतं. काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी अजून तोच विषय शिकवते. शंका आली की मान आपोआप सर बसायचे त्या विभागप्रमुखांच्या खोलीकडे वळते. तिथे आता दुसरे सर बसतात. भले गृहस्थ आहेत. माझं नाव पूर्ण घेतात. जामनेर म्हणून कोणी हाक मारत नाही. एखाद्या दुपारी व्हरांड्यात कोणी लांब ढांगा टाकत आलं की मी हातातलं काम ठेवून दारात येते. मग तो माणूस जवळ येतो आणि दुसराच कोणी असतो.

परवा गोकुळ पुन्हा तपासणीला आला होता. त्याची बायको कापूस वेचायला मजूर लागले होते म्हणून येऊ शकली नाही, त्यामुळे मी सोबत गेले. डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं आतडं दाखवलं. गुलाबी, स्वच्छ, कुठेही काही नाही. म्हणाले, आता काही वर्षांनी या. मुलगा मोठा झाला की त्यालाही आणा.

आम्ही बसस्टँडवर आलो. चाळीसगावची गाडी लागली होती. गोकुळ खिडकीशी बसला, मी खाली उभी. त्याने मोबाईल काढला, बोटाने नावं सरकवत काकांच्या नावावर थांबला आणि मग तो मांडीवर उपडा ठेवला.

"मॅडम," तो म्हणाला, "सांगाले आते कोनी नही शे."

डॉक्टरांच्या खोलीत मी त्याच्या शेजारीच बसले होते. शब्द न् शब्द ऐकला होता.

"मला सांग," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीच्या गजाला धरून, अगदी पहिल्यापासून, आत नेलं तिथपासून, डॉक्टर काय म्हणाले, पडद्यावर काय दिसलं, रंग कसा होता, सगळं सांगायला सुरुवात केली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, तरी तो सांगत होता, आणि मी गाडीबरोबर चालत ऐकत होते.